रोहिताच्या पायातला दोरा

"जोडाला रबरी वायसर घातल्याशिवाय पान्यानं आवळायचं नाही, इरू. धूळ-पाणी आत शिरतं." जलकेंद्रात दुरुस्तीचं काम करणारी आई हे नेहमी सांगायची. आज कॅमेरा जुळवतानाही इरावतीनं ते मनापासून पाळलं होतं, आणि तरीही फोटो धुरकटच येत होते.

खाडीकाठच्या मचाणावर ती, तिचे आजोबा आणि बगळोबा नावाचा लांब पायांचा यंत्रमानव पहाटेपासून बसून होते. दूर चिखलात रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा चरत होता. त्यातला एक लंगडत होता. त्याच्या पायाला मासेमारीचा दोरा अडकलाय, असं इरावतीला वाटत होतं. पण बचाव पथकाचा नियम कडक होता. फोटोत दोरा स्पष्ट दिसला तरच थव्यात शिरायचं. नुसतं शेवाळ निघालं, तर बिचारे सगळे पक्षी उगाच उपाशी उडायचे.

बगळोबाच्या लेन्सला दमट हवेनं बुरशी लागली होती. म्हणून आजोबांनी आपली तरुणपणीची टेलिफोटो लेन्स (दूरचं मोठं करून दाखवणारं लांब भिंग) काढली. ती बगळोबाच्या नव्या कॅमेऱ्याला बसावी म्हणून मध्ये अडॅप्टर (दोन वेगळे आटे जुळवणारं कडं) लावलं. बसवलं इरावतीनं.

"जवळच्या खांबावरच्या खंड्याचं पीस न् पीस दिसतं," ती रडकुंडीला आली, "आणि रोहित मात्र पिठात लोळल्यासारखे!"

"फोकसचं कडं शेवटच्या टोकाला जाऊन अडलंय," बगळोबा म्हणाला. "माझी बॅटरी आणि आजोबांचे गुडघे, दोन्ही उतरलेत."

"तुझी जीभ तेवढी चार्ज आहे," आजोबा पुटपुटले. सोमवारचा उपास, त्यात रात्रीचं जागरण. कॅमेऱ्याचे प्रयोग करण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण आज त्यांना डोळे उघडे ठेवणंही जड जात होतं. तरी त्यांनी खिशातून गोल भिंग काढलं. "इरू, मागे कागद धर. पलीकडच्या काठावरचं झाड त्यावर उमटव."

कागद मागेपुढे करता करता झाड उमटलं. उलटं, चिमुकलं, पण रेखीव.

"आता मचाणावरच्या या कंदिलाची ज्योत उमटव."

आता मात्र कागद भिंगापासून बराच मागे न्यावा लागला. इरावती थबकली. "म्हणजे दूरच्या वस्तूचं चित्र भिंगाजवळ पडतं, आणि जवळच्या वस्तूचं लांब?"

"हो. कॅमेऱ्यात कागदाच्या जागी सेन्सर (प्रकाश टिपणारी पट्टी) असतो. तो लेन्सपासून नको तेवढा लांब गेला, तर?"

"तर जवळचंच नीट दिसेल. दूरच्या रोहितांचं चित्र सेन्सरच्या अलीकडेच पडेल." तिची नजर लेन्सच्या जोडावर गेली आणि चेहरा उतरला. "आजोबा, मी मध्ये वायसर घातलाय. नळाला घालतात तसा."

आजोबा थकल्यासारखे हसले. "अगं वेडाबाई! नळाला चालतो. इथे मात्र एवढ्याशा रबरानंही लेन्स पुढे ढकलली जाते."

वायसर निघाला. बगळोबानं पुन्हा नेम धरला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर गुलाबी ठिपक्यांना चोची फुटल्या, डोळे उमटले. लंगड्या रोहिताच्या सुजलेल्या पायाभोवती नायलॉनचे वेढे चकाकत होते.

फोटो बचाव पथकाकडे गेला. थोड्याच वेळात पथकाचं उत्तर आलं. "दोराच आहे. बोट निघाली. आमच्या माणसाबरोबर पक्ष्याला धरायला आणखी एक जाणता माणूस लागेल."

इरावतीनं आजोबांकडे पाहिलं. दोरा दिसला तर मी स्वतः चिखलात उतरेन, असं त्यांनी काल तिला कबूल केलं होतं. पण आत्ता त्यांच्याकडे पाहून तिला आठवण करून द्यावीशी वाटेना.

"लेन्स चांगली जमली हं," आजोबा म्हणाले. "पुढच्या हिवाळ्यात थव्याबरोबर नवी पिल्लं येतील, त्यांचे फोटो तू काढ."

मग त्यांनी चपला काढून नीट बाजूला ठेवल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, आणि कठड्याला धरून ते मचाणाची एकेक पायरी उतरू लागले.