शेवटच्या गाडीचं कडं

"अगं, आजोबा टाटा करतायत! तूही कर!" सुयश ओरडला.

वृद्धाश्रमाच्या काचेमागे गावातले डॉसन आजोबा उभे होते. कोरोनामुळे आत जायला बंदी. म्हणून सुट्टीला सिडनीहून कुराबिन या लहानशा गावी आलेला सुयश आणि त्याची मावसबहीण क्षितिजा बागेतूनच त्यांना भेटायची.

"टाटा कुठला, मेट? कोपर वाकवून हात पुढे धरलाय, बघ ना!" क्षितिजा तिथल्या बोलीत म्हणाली.

क्षितिजाची आई, मेधामावशी, तिथेच नर्स होती. "आजोबा धड जेवत नाहीत रे," ती म्हणाली. "सारखं एकच, 'कडं आलं का?'"

कसलं कडं, ते शोधायला दोघं सायकली हाणत आजोबा पूर्वी जिथे नोकरीला होते, त्या जुन्या स्टेशनात गेली. तिथे आता म्युझियम होतं. कुराबिनचा सगळा इतिहास त्याच्या एका भिंतीवर मावत होता. आधी रूळ आले, मग गव्हाचं उंच कोठार, सायलो, मागोमाग बँक, शाळा, पब. रूळ बंद पडले, तसं एकेक उठून गेलं. पब तेवढा चिकटून राहिला!

"क्षितिजा, हे बघ!"

फोटोत तरुण स्टेशनमास्तर डॉसन तसाच कोपर वाकवून उभे! धावत्या इंजिनातून ड्रायव्हर त्यांच्या हातात भलंमोठं कडं अडकवत होता. एकेरी मार्गावर कड्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि कडं स्टेशनमास्तरच्या हाती परत आल्याशिवाय मार्ग मोकळा नाही, असा नियम खाली लिहिला होता.

भिंतीवर तेच कडं टांगलेलं होतं.

"शेवटच्या गव्हाच्या गाडीचं!" म्युझियमचे प्रमुख कॉलिनसाहेब फुशारले. "निरोपाच्या समारंभात माझं भाषण चाललं होतं. ड्रायव्हरकडून मी थेट घेतलं!"

"म्हणजे आजोबांना मिळालंच नाही?" क्षितिजा पुटपुटली. "त्यांची ड्युटी अजून चालूच आहे!"

"हात लावू नका! ऐतिहासिक वस्तू आहे!"

क्षितिजाने शांतपणे मास्क वर ओढला. "सॅनिटाइझ केलंय ना? सुट्टीत किती जण हाताळून गेले असतील..."

कॉलिनसाहेब टुणकन मागे सरले. "न्या! न्या! चांगलं पुसून आणा!"

त्या दुपारी मावशीने परवानगी काढून खिडकी जराशी उघडली. सुयश पुसलेलं कडं घेऊन बागेतून धावत आला आणि पुढे आलेल्या हातात त्याने ते अडकवलं. आजोबा ताठ झाले.

"लाइन क्लिअर," ते म्हणाले. संध्याकाळी वाटीभर सूप प्यायले.

सकाळी उठलेच नाहीत.

"आपण दिलंच नसतं, तर थांबले असते ना?" सुयश रडत होता.

"थांबले असते रे," मावशीने त्याला जवळ घेतलं. "तसेच, हात पुढे धरून."

अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. बाकी गाव रस्त्याच्या कडेला अंतर राखून उभं राहिलं.

"शाबास!" कॉलिनसाहेबांचा मास्क ओला झाला होता. "आम्ही इतकी वर्षं बघत होतो. दिसलं तुम्हाला."

"कडं परत देऊ?" सुयशने विचारलं.

त्यांनी नुसती मान हलवली. नको.

जुन्या रेल्वे फाटकाशी शववाहिका हळू झाली. सुयशने कडं उंच धरलं. काच खाली आली. ड्रायव्हरने कोपर वाकवून हात बाहेर काढला, कडं घेतलं, आणि गाडी पुढे गेली.