अडतीसवर अडलेली बिअर

घरी बिअर करणाऱ्यांसाठीच्या त्या छोट्या दुकानात रेनाटाने साखरेची पिशवी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"पिशवीला विचारू नका, ती सांगणार नाही," शेजारून आवाज आला. कोटाच्या खांद्यांवर बर्फ वितळत असलेला एक उंच तरुण तिच्याकडे पाहत होता.

"बिअर हलकी झालीय," ती म्हणाली. "गोडवा मोजायचा हायड्रोमीटर पन्नासवर तरंगायला हवा होता. अडतीसवर अडला. जव फार भरड दळले मी… गोडवा उतरलाच नाही."

"यीस्ट टाकलंत?"

"काल. फसफसतेय." तिचा आवाज बारीक झाला. "बहिणीचं लग्न आलंय. घरच्या प्रत्येक लग्नाची बिअर बाबा करतात. त्यांचा खांदा मोडला, म्हणून या वेळी माझ्यावर सोपवलीय. सकाळी फोन आला तर मी म्हटलं, छान चाललंय."

त्याने तिच्या हातातली पिशवी हळूच काढून घेतली. "साखरेनं चढेल, पण पाण्यासारखी लागेल. माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या जवाची, पावडर घ्या. आणि कोरडी ओतू नका, सगळा फेस उसळून वर येतो. माझ्या स्वयंपाकघराचं छत अजून तपकिरी आहे."

त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. "नाव काय तुमचं?"

"आंदर्स. आणि पातेलं धरायला माणूस लागेल तुम्हाला."

तिच्या स्वयंपाकघरात त्यांनी पावडर थोड्या पाण्यात उकळली, पातेलं मागच्या दारी बर्फात निववलं. मग बिअर फसफसत होती त्या काचेच्या मोठ्या बुधल्यात बारीक धार सोडली. दोघांची बोटं पातेल्याच्या कडेला टेकली होती… कुणीच काढली नाहीत.

"सावकाश," तो म्हणाला. "आत हवा मिसळली तर चव जाईल."

"धार तुझी वाकडी आहे, माझी नाही." 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिला कळलंही नाही.

धार संपताच तिने हायड्रोमीटर उचलला.

"आता उपयोग नाही," तो म्हणाला. "थोडी साखर यीस्टनं आधीच खाल्लीय. हिशोब मांडता येईल, मोजता नाही येणार."

"मोजल्याशिवाय मला झोप लागत नाही."

"दिसतंय."

बुधल्याच्या तोंडावरच्या नळीतले बुडबुडे थांबले होते. एक मिनिट गेलं… मग आणखी काही.

"मेलं का रे यीस्ट?"

"गारठलं असेल. पातेलं जरा जास्तच निवलं होतं." त्याने गळ्यातला मफलर काढून बुधल्याभोवती गुंडाळला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला. तिने श्वास रोखला होता. त्याने तिचा हात हातात घेतला, तेव्हा तो बर्फासारखा लागला.

बुळुक.

मग पुन्हा… बुळुक.

तिने त्याचा हात घट्ट दाबला. तेवढ्यात फोन वाजला. बाबाच. तिने डोळे मिटले. "बाबा, सकाळी खोटं बोलले मी. बिअर हलकी झाली होती. आता दुरुस्त केलीय, पण एकटीनं नाही… आणि जमली की नाही, ते अजून माहीत नाही."

"माझीही एकदा अशीच झाली होती," बाबा म्हणाले. "तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. आणि मदतीला जो कुणी आलाय, त्याला लग्नात कुठे बसवायचं, ते कळव."

तिने फोन ठेवला. कान तापले होते.

"माझ्याशेजारी बसशील लग्नात?"

"बिअर बिघडली तरी?"

"बिघडली," रेनाटा म्हणाली, "तर नक्कीच."