टकलू बेटावरचं बीळ

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. हात माझा होता, मला माहीत आहे.

गेल्या एप्रिलची गोष्ट. ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियामधल्या बास सामुद्रधुनीतल्या आमच्या ग्रॅनाइटच्या बेटांपैकी सगळ्यात टोकाचं बेट, टकलू. नुसता गोल खडक, वर थोडी माती आणि मातीत मटनबर्ड नावाच्या समुद्रपक्ष्यांची बिळं. दर हंगामाला मांसासाठी त्यांची पिल्लं धरायला जायचं, हे आमच्यात पणज्यांपासून चालत आलेलं.

आदल्या वर्षी अर्नीमामा तिथल्या उतारावरून घसरून समुद्रात गेले. सापडलेच नाहीत.

घरचे म्हणाले, "आता ते बेट सोडा."

पण एक हंगाम तिथली आमची झोपडी रिकामी राहिली, की दुसरं कुणीतरी येऊन चूल मांडतं. मी म्हटलं, "मेले तरी सोडणार नाही!"

मावसबहीण थेल्मा कुरकुरत सोबत आली.

त्या दुपारी धुकं उतरलं. आम्ही मामांच्याच उतारावर होतो. आणि एकदम...

पिल्लांची चिवचिव थांबली.

लाटांचाही आवाज येईना.

"मर्ल, चल गं," थेल्मा कुजबुजली.

"एवढं एक बीळ बघते."

बिळाच्या तोंडाशी आम्ही आधी तळहात धरतो. हवा गार लागली तर आत साप, उबदार लागली तर पिल्लू.

ऊब होती. मी खांद्यापर्यंत हात घातला.

आतून कुणीतरी... माझा हात धरला.

"थेल्मा, धरलंय गं कुणीतरी!"

तिने माझे पाय धरून ओढलं. हात निघेना.

मामा? नाही. मामांचा अंगठा तुटलेला होता. या हाताला अंगठा होता.

मग मात्र माझं डोकंच फिरलं.

"कोण रे तू मेल्या? ओढ किती ओढायचं ते! जागा आमची आहे, मी हलणार नाही!"

पकड सुटली.

थेल्माने बिळात काठी घातली.

टक्...

वीतभरावर खडक.

"अगं, मग तुझा अख्खा हात आत गेला कुठे?" ती रडायलाच लागली. "देऊन टाक हे बेट कुणालातरी!"

"तू जा. मी राहते."

दुसऱ्या दिवशी बोट आली तशी ती गेली. हंगाम संपेपर्यंत मी एकटी राहिले, रोज त्याच उतारावर. भीती वाटली का? वाटली की! चूल विझू दिली नाही एकदाही.

या एप्रिललाही जाणार आहे. भीती अजून वाटते, खोटं कशाला बोलू? पण जो कुणी त्या खडकाखाली आहे, त्याने काही जागा सोडलेली नाही...

मग मी का सोडू?