बावीस पावलं

तो नकाशा आधी गुंडाळून ठेव, फाल्को. त्यावर बिअर सांडली तर पुन्हा काढत बसशील. सही करायची की नाही ते शेवटी बघू. गावाला नऊशे वर्षं झाली म्हणून तुम्ही पोरं पुस्तक काढताय, गावचा इतिहास, गावचा भूगोल, सगळं रीतसर. चांगलं आहे. पण गावाचा भूगोल काय नुसता कागदावर असतो होय? तो जमिनीत पुरलेला असतो. आणि आपल्या एर्लेसबाखमध्ये तो कसा पुरलाय हे सातच माणसांना ठाऊक असतं. त्यातला मी एक, आणि आता सगळ्यात म्हातारा.

वेरेना, ते दार लाव बाई, गारठा आत येतोय. आणि मी, तुमचा ओटमार काका, आज डाव्या हातानं का पितोय, हे तू मघापासून तिसऱ्यांदा विचारलंस. तेही सांगतो. जरा दम धर.

फाल्को, तू विचारलंस की ओढ्याच्या कडेनं सरळ जाणारी हद्द किलियानच्या तळ्यापाशी एकदम बावीस पावलं आत का वळते. तुला वाटलं आपलीच मोजणी चुकली. नाही चुकली. ती हद्द तिथं कशी आली ते मी सांगतो, आणि बुर्कार्टनं मला सांगितलं तसंच सांगतो, पदरचं एक अक्षर घालणार नाही. बुर्कार्ट आठवतो ना? किलियानचा मुलगा. शाळेत माझ्या बाकावर बसायचा. दोन वर्षांपूर्वी गेला बिचारा. त्याच्यावर गुदरलं ते तेरा वर्षांपूर्वी, आजच्याच तारखेला. दहा नोव्हेंबर, गुरुवार, मार्टिनच्या सणाची आदली रात्र.

आमच्या सातांचं काम तुम्हाला वरवर माहीत आहे. हद्दीचा दगड रोवायचा झाला की जमीनमालकांनी पाठ फिरवून उभं राहायचं, आणि आम्ही खड्ड्यात भाजक्या मातीच्या खुणा मांडायच्या. कशा मांडायच्या ते बायकोला सांगायचं नाही, पोटच्या पोराला सांगायचं नाही. मग कोणी रात्रीत दगड सरकवला, तर खाली खुणा सापडत नाहीत आणि चोरी उघडी पडते. बांध कोरणारे कुठल्या गावात नसतात? त्यांच्यासाठीच तर सातजण असतात. पण कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कोणाकडं मागायची?

सत्तेचाळीस साली तसं झालं. त्या उन्हाळ्यात पाऊस पडला नाही. तळी तडकली, कार्प मासे चिखलात मेले. सगळ्या शिवारात एकच झरा जिवंत होता, आणि तो वाल्बुर्गाच्या कुरणात होता. नवरा रशियात मेलेला, पदरात दोन पोरं, बाईचा सगळा भार त्या झऱ्यावर आणि त्याखालच्या तळ्यावर. एका सकाळी ती उठून बघते, तर हद्दीचा दगड तिच्या कुरणात बावीस पावलं आत आलेला, आणि झरा शेजाऱ्याच्या, किलियानच्या हद्दीत गेलेला. तिनं गाव गोळा केलं. कचेरीतले नकाशे युद्धात जळाले होते, मग सातजणांनी दगड उपटून बघितला. खाली खुणा होत्या, आणि अगदी बरोबर मांडलेल्या होत्या. बाई खोटी ठरली. लोक तिच्या तोंडावर हसले. तिचं तळं आटलं आणि ती पोरांना घेऊन शहरात पेन्सिलींच्या कारखान्यात कामाला गेली.

खुणा बरोबर निघायचं कारण एवढंच, की किलियान स्वतः सातांतला होता.

हे त्यानं चौसष्ट वर्षं पोटात ठेवलं. ब्याण्णवाव्या वर्षी, ऑगस्टमध्ये, मरायच्या आदल्या दिवशी त्यानं बुर्कार्टला जवळ बोलावलं आणि सगळं कबूल केलं. दगड परत जागेवर ठेव म्हणाला, नाहीतर मला तो घेऊन फिरावं लागेल. आपल्याकडं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दगड हलवणारा मेल्यावर तो दगड उचलून हिंडतो आणि भेटेल त्याला विचारतो, कुठं ठेवू. त्याला उत्तर मिळेपर्यंत सुटका नाही. लहानपणी आम्हीही हसायचो.

बुर्कार्टनं बापाला शब्द दिला आणि पाळला नाही. मी त्याला नावं ठेवत नाही. दगड मागं नेला की झरा जाणार, झरा गेला की तळं जाणार, आणि तळ्यावर त्याचं घर चालत होतं. सप्टेंबर गेला. ऑक्टोबरात तळं उपसून मासे काढले, त्या गडबडीत तोही गेला. आणि नोव्हेंबरात कचेरीचं पत्र आलं, की अकरा तारखेला सकाळी आठला मोजणीवाले येणार, हद्दीचा दगडन् दगड उपग्रहावरून टिपणार. एकदा टिपला की झालं, मग तो कायमचा तिथलाच. म्हणजे बुर्कार्टच्या हातात ती एकच रात्र उरली होती. मला यातलं काही माहीत नव्हतं.

मोजणीवाल्यांना दगड पटकन दिसावेत म्हणून आम्ही त्यांचे माथे पांढरे रंगवत होतो. ओढ्याकडचा एक राहिला होता. तो बुर्कार्टच्या वाटेवर होता, म्हणून मीच त्याच्या हातात रंगाचा डबा दिला. म्हटलं, अंधार पडायच्या आत उरकून ये. तो म्हणाला, बघतो. घरी मार्टिनचा हंस भाजत होता, लेक-जावई आले होते. जेवण झालं, गप्पा झाल्या, आणि पावणेदहाला तो डबा आणि ब्रश घेऊन निघाला.

पौर्णिमा होती, पण तळ्यांवर धुकं बसलेलं. वर उजेड आणि खाली सगळं दुधाळ. तो बांधावरून चालत गेला, दगडापाशी गुडघे टेकले, शेवाळ खरवडलं आणि माथा रंगवला. रंगवताना त्यानं मनाशी ठरवून टाकलं, असं मला म्हणाला. मेलेल्या माणसाला काय कळतंय. जिवंत माणसांना पाणी लागतं. चर्चच्या घड्याळात दहाचे ठोके पडले तेव्हा त्यानं डब्याचं झाकण लावलं.

परत निघाला. पन्नासेक पावलं गेला असेल. रंग नीट दिसतोय का, म्हणून सहज मागं वळून बघितलं.

धुक्यात पांढरा ठिपका दिसत होता. चांगला दिसत होता. पण दगड गुडघ्याएवढा... आणि ठिपका छातीएवढ्या उंचीवर.

त्याला वाटलं, धुक्यात असं दिसत असेल. उभा राहून बघत राहिला.

ठिपका हलला.

सावकाश. ओझं घेतलेलं माणूस चालतं तसा, जरा डावीकडं, जरा उजवीकडं. थांबला. खाली जाऊ लागला, जमिनीला टेकला असं वाटलं... आणि पुन्हा वर आला. परत फिरला. पुन्हा थांबला. काहीतरी शोधत होता.

बुर्कार्टला पळायचं होतं. पण तो डब्याची कडी धरून उभाच राहिला. कुत्री गप्प होती. ओढ्याचं पाणीसुद्धा ऐकू येईना.

मग ठिपका बांधाकडं वळला. त्याच्याकडं.

आधी श्वास ऐकू आला. जड. घशातून खरखरणारा. ऑगस्टचा अख्खा महिना बापाच्या उशाशी बसून त्यानं तोच श्वास ऐकला होता.

तीस पावलं. वीस. दहा.

धुक्यातून ठिपका पुढं आला... त्यामागं काही नाही. नुसता श्वास. आणि मग आवाज.

“कुठं ठेवू?”

बुर्कार्ट बोलला नाही. उत्तर त्याला पाठ होतं. पण ते दिलं की झरा गेला.

“कुठं ठेवू, बाळा?”

बुर्कार्टनं नजर तळ्याकडं वळवली.

तिसऱ्यांदा विचारलंच नाही. नुसता श्वास. आणि मग... रडणं. म्हातारी माणसं कोणाला कळू नये म्हणून तोंड दाबून रडतात, तसं. बुर्कार्टनं साठ वर्षांत बापाला रडताना बघितलं नव्हतं, आईच्या मयतालासुद्धा नाही. सगळी भीती कुठल्या कुठं गेली, म्हणाला.

“बाबा, जिथनं उचललात तिथं ठेवा.”

ठिपका मागं फिरला. आता भराभर. बावीस पावलं. बुर्कार्टनं ती मनात मोजली. मग धप्प झालं, पायाखालचा बांध हादरला, आणि ओढ्याचं पाणी पुन्हा ऐकू यायला लागलं.

साडेअकराला मी शेगडी विझवायला उठलो, तर खिडकीतून तो अंगणात उभा दिसला. दार वाजवायचंही त्याला सुचलं नव्हतं. आत घेतलं, आलुबुखाऱ्याची दारू पाजली, तेव्हा कुठं बोलायला लागला. मी म्हटलं, अरे, हंस जास्त झाला असेल. तो हसला नाही.

सकाळी आठला मोजणीवाली मुलगी आली. रात्रीत हिंव पडून सगळं कुरण पांढरं झालं होतं, आणि त्यावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. दगड वाल्बुर्गाच्या जुन्या हद्दीवर उभा होता. चौसष्ट वर्षं तो जिथं होता तिथं खड्डा नाही, उकरलेलं नाही, नुसतं गवत. मी आमच्या माणसांना बोलावून दगड उपटायला लावला. खाली खुणा होत्या. बरोबर मांडलेल्या होत्या. बुर्कार्ट सातांतला नव्हता, त्याला ती मांडणी ठाऊक असायचं कारण नाही. मी त्या मुलीला म्हटलं, टिपा, हद्द हीच आहे. झरा वाल्बुर्गाकडं ठेवणारं ते जुनंच वळण, तुझ्या नकाशातलं, फाल्को.

बुर्कार्टचं तळं दोन उन्हाळ्यांत आटलं. आता तिथं नुसतं रानगवत माजलंय. वाल्बुर्गाची नात शहरातून परत आली, गेल्या नाताळात तुम्ही सगळ्यांनी खाल्ला तो कार्प तिच्याच तळ्यातला. बुर्कार्ट पुढं लोकांच्या तळ्यांवर मजुरी करायचा, पण कुरकुर कधी केली नाही. म्हणायचा, ओटमार, झोप लागते रे.

इथवर सगळ्यांना सांगता येण्यासारखं आहे. पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्या सकाळी दगडाचा माथा मी जवळून बघितला. रंग रात्री ओला असताना कोणीतरी धरलेला, त्याचे ठसे वाळले होते. तळहाताचे. दोन या बाजूला.

आणि दोन त्या बाजूला.

दीडशे किलोचा दगड आहे तो. एकट्याला हलत नाही. बुर्कार्टनंही ते ठसे बघितले आणि माझ्याकडं बघितलं. मरायच्या आधी, दवाखान्यात, एकदाच म्हणाला, “त्या रात्री श्वास दोघांचे होते, ओटमार. बोलला एकटाच.” एवढं बोलून त्यानं कूस वळवली. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. सत्तेचाळीस साली सातांत किलियानचा जिवाभावाचा जोडीदार एकच होता. माझा बाप.

माझ्या बापानं मरताना काही सांगितलं नाही. पण क्रुसाच्या टेकडीवरचं आमचं शेत आहे ना, त्याच्या खालच्या हद्दीपासून दहा-बारा पावलांवर, आमच्याच बाजूला, दगड काढल्यावर राहतो तसा एक खळगा होता. लहानपणी आम्ही तिथं उकरायला लागलो की बाप धावून यायचा आणि कानाखाली वाजवायचा. का, ते मी कधी विचारलं नाही. किलियानला झरा मिळाला. मदतीच्या बदल्यात माझ्या बापाला काय मिळालं, तेही नाही विचारलं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून नाही विचारलं. तेरा वर्षं मी गप्प बसलो, आणि गावात हद्दीचा प्रामाणिक माणूस म्हणून मिरवलो.

त्या हद्दीच्या खालचं शेत कोणाचं, फाल्को? तुझ्या आजोबांचं. बघू नकोस असा माझ्याकडं. आणि आज तू नकाशा घेऊन आलास आणि म्हणालास, काका, सही करा, म्हणजे हद्दी कायमच्या झाल्या.

किती वाजले? साडेनऊ ना? माझा कोट दे तो, वेरेना. मला पावणेदहाला निघायला हवं. नाही, बरोबर कोणी यायचं नाही. तो माझा बाप आहे, उत्तर मीच द्यायला हवं. तुम्ही इथंच बसा, आणि फाल्को, नकाशात क्रुसाच्या टेकडीची रेघ आज खोडून ठेव. उद्या सकाळी जाऊन दगड कुठं आहे ते बघा, आणि असेल तिथं काढा.

रंगाचा तो डबा तेरा वर्षांपूर्वीच संपला. त्यानंतर गावात कोणी दगड रंगवलेला नाही, तुम्हीही नाही, मी मघाशीच विचारून घेतलंय. आज संध्याकाळी मेंढ्या आत घेताना क्रुसाच्या टेकडीवरच्या आमच्या हद्दीच्या दगडाजवळून गेलो. माथा पांढरा होता. दोन्ही बाजूंना हात उमटलेले होते. मी एका ठशावर माझा उजवा हात ठेवून बघितला. बरोबर बसला.

हा हात मी मघापासून खिशात ठेवलाय. धुतला, रॉकेल लावलं, घासला. बघा. हात लावू नकोस, वेरेना, तुझ्या बोटाला लागेल. चार तास झाले, रंग अजून ओला आहे.