जकात वाढवावी की नको

‘द्यावी तर गुपचूप द्यावी. उजव्या हाताने दिलेली डाव्याला कळू नये...’

हॉलबाहेर करक, म्हणजे गल्फच्या कडक चहाच्या रांगेत उभी राहून एमान डोळे मिटून भाषण घोकत होती. पुढच्या माणसाने मान वळवली.

‘काय द्यावी?’

‘जकात,’ ती डोळे न उघडताच म्हणाली.

‘आणि पावती?’

‘ती वर मिळते.’

त्याने वर पाहिलं. वर कुणाचा तरी एसी टपटप गळत होता. एमानने डोळे उघडले तेव्हा तो ओठ चावून हसू दाबत होता, आणि हसू दाबणारा माणूस इतका देखणा असू नये, असं तिला उगाचच वाटून गेलं.

‘मी अर्श. आजच्या वादविवादात आहे. “नको”च्या बाजूने.’

‘म्हणजे माझ्याच विरुद्ध!’ एमानचा चहा हिंदकळला. ‘तुम्ही... जकात नको म्हणणार? अर्श, म्हणजे अल्लाचं तख्त, अशा नावाचा माणूस?’

‘नको म्हणजे नकोच. धंद्याचं वाटोळं होतं तिने.’

‘तौबा!’

तो क्षणभर थबकला. मग त्याच्या कपाळावर आठी पडली. ‘एक मिनिट... विषय नीट वाचलात ना?’

झालं! नेमकं बोलू नये तेच बोलला बिचारा. एमान लहानपणीच रत्नागिरीहून शारजाला आली आणि इंग्रजी शाळेत शिकली. तिच्या मराठी वाचण्यावर चुलत भावंडं दर सुट्टीत पोट धरून हसत. म्हणून तर हट्टाने तिने मराठी मंडळाच्या स्पर्धेत नाव दिलं होतं.

‘मला मराठी वाचता येतं!’ ती फणकारली आणि चहा तिथेच टाकून हॉलमध्ये शिरली. अर्श ‘अहो, ऐका तरी’ म्हणत मागे धावला, पण तोवर तिचं नाव पुकारलं गेलं होतं.

वाचता येत होतं, खोटं नाही. विषय होता, ‘अमेरिकेने जकात वाढवावी की नको?’ एमानच्या घरात जकात म्हणजे आपल्या मिळकतीतून गरिबाला काढून द्यायचा वाटा. ती वाढवावी याला नको कोण म्हणेल? पण म्हसळ्याच्या मराठी शाळेत शिकलेल्या अर्शला जकातीचा दुसरा अर्थही ठाऊक होता, तो म्हणजे मालावरचा कर. शारजाच्याच हमरिया फ्री झोनमधून तो अमेरिकेला ॲल्युमिनियमच्या शिड्या पाठवायचा. तिथल्या सरकारने ही जकात वाढवल्यापासून शिड्या गोदामात आडव्या पडल्या होत्या, आणि अर्श गाडीत फ्री मार्केटवाल्या अमेरिकनांचे पॉडकास्ट लावून एकटाच माना डोलवत असे.

एमान स्टेजवर मन लावून बोलली. जकात आधी नात्यातल्या गरिबाला द्यावी, मग शेजाऱ्याला. देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. अमेरिका एवढी श्रीमंत, तिने तर दुप्पट द्यावी! मागच्या रांगांत खसखस पिकली. मंडळाच्या अध्यक्ष शोभनाताई पदराने तोंड झाकून बसल्या. काहीतरी चुकलंय हे एमानला कळलं, काय ते कळेना.

मग अर्श उठला. सोबत आणलेले कागद त्याने घडी करून खिशात टाकले.

‘अमेरिकेतले कितीतरी कॉन्झर्व्हेटिव्ह हेच तर म्हणतात,’ तो शांतपणे म्हणाला. ‘गरिबाला सरकारी खात्याने सांभाळलं तर तो फाइलमधला नंबर होतो. शेजाऱ्याने सांभाळलं तर त्याचं नाव राहतं. मी विरोध करायला आलो होतो, पण या बाईंनी मला विरोधाला जागाच ठेवली नाही.’

मग टाळ्या पडल्या, त्याही मनापासून. चषक एमानला मिळाला आणि तो देतादेता शोभनाताई तिच्या कानात कुजबुजल्या, ‘अगं पोरी, जकात म्हणजे टॅरिफ गं!’

एमानला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण लाज ओसरल्यावर आला तो संताप. तिने अर्शला पार्किंगमध्ये गाठलं.

‘मुद्दाम हरलात ना?’

‘मी... तुमची फजिती होऊ नये म्हणून...’

‘टॅरिफ नको म्हणणारे ना तुम्ही? मग मला प्रोटेक्शन कशाला दिलंत? सगळे हसले ते परवडलं मला, तुम्ही कीव केलीत ते नाही!’ तिचे डोळे भरून आले होते. ‘या शनिवारी, खोर फक्कानच्या बीचवर. टॅरिफवर, खराखुरा वाद. आणि सूट द्यायची नाही!’

‘यल्ला, ठरलं,’ अर्श म्हणाला.

आठवडाभर दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसात एमान लंचला अमेरिकेच्या बंद पडलेल्या गिरण्यांबद्दल वाचत होती. मधूनच त्या दाबलेल्या हसण्याची आठवण यायची आणि तेच पान तिला पुन्हा वाचावं लागायचं. शनिवारी अम्मी सोबत आली आणि शेजारच्या बाकावर शेंगा सोलत बसली.

‘दार उघडं ठेवलं की माल स्वस्त होतो,’ अर्शने सुरुवात केली. ‘गिऱ्हाइकाचा फायदा, सगळ्यांचा फायदा.’

‘आणि कारखाना बंद पडला की? त्या गावात स्वस्त टीव्ही येतो, पण तो बघायला माणसं उरतात का? आमच्या रत्नागिरीच्या मोहल्ल्यात बघ. गावात काम नाही म्हणून सगळे पुरुष गल्फला. घरात फ्रिज आला, मिक्सर आला, अब्बा दोन वर्षांतून एकदा यायचे. एकदा मी त्यांना दारात “कोण पाहिजे?” असं विचारलं होतं.’

एमानच्या ध्यानात आलं, आपण त्याला ‘अरे-तुरे’ केलं. त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले होते.

‘हा मुद्दा तू जिंकलीस,’ तो म्हणाला. ‘सूट देत नाहीये, खरंच नाही. फक्त एक मुद्दा उरलाय, तोही नीट मांडता येईल की नाही...’

‘मांड.’

‘दारं बंद असती तर तुझे अब्बा इथे आले नसते. तू आली नसतीस. मी म्हसळ्यात, तू रत्नागिरीत... आणि मला कधी कळलंच नसतं की एवढी भांडणारी मुलगी मला एवढी आवडेल.’

लाट आली, बाकाखालची वाळू भिजवून गेली. एमानने त्याच्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे, मग परत त्याच्याकडे.

‘हा मुद्दा नाही, लाच आहे,’ ती म्हणाली.

‘मग खोडून काढ.’

‘येतो मला खोडून काढता.’ तिचा आवाज हलका झाला होता. ‘पण नाही काढायचा. मलाही तू आवडतोस.’

शेजारच्या बाकावर शेंगा सोलायचा आवाज केव्हाच थांबला होता.

‘खलास?’ अम्मीने विचारलं. ‘मग घरी चला. याच्या अब्बांना बोलवा, आपल्या अब्बांना झोपेतून उठवा. आता लग्नाच्या बोलणीला खरी भांडणारी माणसं बसू देत.’