दशमीच्या चंद्राचं बळ

झोपाळ्यावर बसून झोका घ्या. मग उभं राहून घ्या. उभ्याने झोका लवकर पूर्ण होतो.

दशमीचा चंद्र अर्ध्याहून मोठा, पण अपुरा.

निबंधाची पानं एकोणीस. पाठवायची मुदत: आज, संध्याकाळी पाच.

वर्ष २०६२. विद्यापीठाच्या तळघरात एक पितळी लंबक (तारेला टांगलेलं, झोके घेणारं वजन).

“आबा, नवं बळ म्हणजे?” अकरा वर्षांच्या शाल्मलीने विचारलं.

तिचे आजोबा, डॉ. निनाद उकिडवे, भौतिकीचे प्राध्यापक. नव्या बळाचा दावा करणारा तो शोधनिबंध त्यांचाच होता.

“बळ म्हणजे ओढ किंवा ढकल. पृथ्वी ओढते म्हणून लंबक परत फिरतो. बारा वर्षांत बारा वेळा, दर वर्षी एकच दिवस, त्याचा एकेक झोका किंचित लवकर पूर्ण झाला. कधी सप्टेंबरअखेर, कधी ऑक्टोबरात. मला काही मेळ लागेना. शोधकला लागला.”

शोधक म्हणजे त्यांची कृत्रिम बुद्धिमत्ता (ढीगभर नोंदी वाचून त्यांतला नमुना स्वतः हुडकणारी संगणकप्रणाली).

“दर वेळी चंद्र दशमीचा होता.”

“दशमी तर दर महिन्याला येते.”

“सूर्यही ठरावीक जागी लागतो, असं गणित सांगतं.”

शाल्मली पडद्यावरच्या तारखा वाचत राहिली. “आबा, यातल्या शेवटच्या पाच तारखांना मला सुट्टी होती.”

“निसर्गाला सुट्टी नसते, बाळ.”

“माणसांना असते ना! ही मागच्या वर्षीची बघा. दसरा. तुम्हाला सोनं द्यायला आले होते मी.”

आबांनी बाराही तारखा पंचांगाशी ताडल्या; सगळे दसरेच. मग त्यांनी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या यशवंतमामांना बोलावलं.

“यशवंतराव, दसऱ्याला इथे कोण येतं?”

“मी एकटाच, साहेब. यंत्रांची पूजा करून जातो.”

“लंबकाला हात लावता?”

“छे हो! नुसतं झेंडूचं फूल ठेवतो वर. संध्याकाळी काढतो.”

मामांनी बागेतून फूल आणलं. आबांनी ते लंबकावर ठेवलं. झोका लवकर पूर्ण झाला. फूल काढलं, झोका पूर्ववत. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच. आज ना दसरा होता, ना दशमी.

“वर फूल आलं की वजनाचा मध्य वर सरकतो,” आबा हळू म्हणाले. “लंबक जणू आखूड होतो. झोपाळ्यावर उभं राहिल्यासारखा.”

“मग शोधक खोटं बोलला?”

“नाही. त्याला दिलेल्या नोंदींत चंद्र होता, सूर्य होता, फूल नव्हतं. जे होतं त्यातून त्याने नमुना काढला. पण नमुना म्हणजे कारण नव्हे. कारण ओळखायचं तर एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. ते मी बारा वर्षांत एकदाही केलं नाही.”

“साहेब, चूक माझी आहे,” यशवंतमामा म्हणाले. त्यांची मान खाली होती.

पाच वाजले. आबांनी निबंध पाठवला नाही.

शाल्मलीने शोधकच्या नोंदींत एक नवा रकाना उघडला: ‘आज खोलीत माणसांनी काय केलं’. पहिली नोंद फुलाची केली. पडद्यावर ओळ उमटली: “फुलाचं वजन किती होतं?”

“इतक्या वर्षांत उत्तरंच देत आला,” आबा म्हणाले. “प्रश्न आज पहिल्यांदा विचारला.” त्यांनी तराजू पुढे ओढला.

२०५०च्या दसऱ्याला, पहिल्या वर्षी, लंबकावर फूल आबांनी स्वतः ठेवलं होतं, आणि ते विसरून गेले होते. यशवंतमामा तेव्हा नोकरीला लागलेही नव्हते.