टाकीतलं चोख पेट्रोल

"मिस्तरी, लवकर या! करवतीच्या इंजिनात रेती घातली हो कोणीतरी!"

संग्रामपूरच्या लाकडाच्या वखारीतून निरोप आला आणि खामगावचे माणिकराव मिस्त्री चहा अर्धवट टाकून निघाले. "कोणीतरी" हे आपलं म्हणायला. वखारीचे मालक नारायणराव यांनी गुन्हेगार कधीच ठरवला होता. पेट्रोलवर चालणारी त्यांची परदेशी करवत दसऱ्यानंतर पहिल्याच ओंडक्यात जाम झाली, तेव्हा ती चालवणाऱ्या जानरावला त्यांनी सगळ्या हमालांदेखत थोबाडीत मारली होती. पोलिसात द्यायचं तेवढं बाकी होतं.

"खंडेनवमीले साऱ्यायनं हत्यारं पुजली," नारायणराव म्हणाले. "हा नागपूरले गेला, धम्मचक्राच्या दिवसाले. म्या बोललो, त्याचाच राग काढला यानं. इचारा त्याले!"

मिस्त्रींनी कोणालाच काही विचारलं नाही. सिलिंडर खोलला, पिस्टन उजेडात धरला. धूर बाहेर पडतो त्या बाजूला उभे ओरखडे. रिंगा चिकटून बसलेल्या. मग हवेची जाळी कागदावर झटकली. लाकडाचा भुसा पडला, रेतीचा कण नाही. शेवटी टाकीत बोट बुडवून त्यांनी पेट्रोल चिमटीत चोळलं.

"जानराव, पेट्रोलात ऑइल घालतोस ना?"

"हाव. मापानं."

"आन् या वेळी?"

"या वेळी टाकी भरेलच होती. मालक म्हणे, सुरू कर."

"नारायणराव, पूजेले करवत कोणी पुसली?"

"म्याच! मालकाच्या हातचीच पूजा असते. टाकीत मयकट, तेलकट काहीतरी होतं, फेकून देल्लं. देवाम्होरं घाण ठेवा लागते का? चोख पेट्रोल भरलं, फडक्यातून गाळून!"

बिचाऱ्याने छाती फुगवून सांगितलं.

मिस्त्रींनी पिस्टन त्यांच्या हातात ठेवला. "या इंजिनाले ऑइल पेट्रोलातूनच भेटते. दुसरी वाट नाई. तुमी घाण म्हणून फेकलं, ते ऑइल होतं. पिस्टन कोरडा चालला, तापून फुगला आन् सिलिंडरले घासला. रेती असती तं जाळीत सापडली असती, हवा येते त्या बाजूनंही ओरखडे असते. पोरानं काई नाई केलं. करवत तुमच्या पूजेनं मेली, नारायणराव. सिलिंडर घासून साफ करतो, पिस्टन मातर नवा लागन."

हमाल एकमेकांकडे बघू लागले. नारायणरावांची मान खाली गेली. त्यांनी जानरावला हाताला धरून कोठीत नेलं, दार लोटलं, कडी घातली आणि हात जोडले.

"चुकलं बाप्पा माह्यं. माफ कर."

जानरावने गालावरून हात फिरवला.

"मालक, मारलं तं चारचौघांत. माफी कोठीत काऊन मागता?"

नारायणरावांचा हात कडीपर्यंत गेला. बाहेर हमालांचं बोलणं ऐकू येत होतं. हात तिथेच थांबला.

शेवटी कडी जानरावनेच काढली. हमालांमधून वाट काढत तो वखारीबाहेर पडला. नारायणराव कोठीतच राहिले.